पांढरी सात आणि हॉटेल कॅलिफोर्निया

प्रश्न थोडक्यात असा आहे. मुलगा अंबाजोगाईचा, सध्या लातूरला शिकायला. दोन वर्षं गिटार वाजवतोय. टॅब (कुठली तार कुठल्या फ्रेटवर, म्हणजे गिटारच्या कुठल्या घरात, दाबायची ते आकड्यांत लिहिलेला कागद) समोर असला की ईगल्स या अमेरिकन बँडच्या ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ गाण्यातला शेवटचा गिटार सोलो बऱ्यापैकी वाजतो, टॅब मिटला की चौथ्या ओळीनंतर डोकं कोरं. आता तो कानानं ऐकून बसवायचाय. पण त्याचं म्हणणं, ‘माझा कान तयार नाही सर. घरात वेस्टर्न कुणी ऐकलेलं नाही. वडील गावच्या भजनी मंडळात पेटी वाजवतात, तेवढंच.’ तर सुरुवात कुठून करायची?

‘तेवढंच’ हा शब्द आधी खोडून टाक बाबा. ज्या घरात रोज संध्याकाळी पेटीवर बोटं फिरतात, त्या घरातल्या पोराचा कान तयार नाही हे मला पटत नाही. लातूरला पंचवीस वर्षं गिटार शिकवतोय. ऐकून सगळ्यात लवकर बसवणारी माझ्या क्लासातली दोन्ही पोरं भजनी घरातलीच निघाली. त्यातल्या एकाला कॉर्ड (एकत्र वाजणारे तीन-चार सूर) म्हणजे काय हे धड सांगता येत नव्हतं, पण ‘सर, इथं शुद्ध नी लागला’ हे तो झटक्यात सांगायचा. तुझी अडचण कानाची नाहीच. तू सोलो डोळ्यांनी पाठ केलास. सातवा फ्रेट, दहावा फ्रेट, पुन्हा सातवा, असे आकडे पाठ झाले, सूर झालेच नाहीत. नुसती उत्तरं घोकलेल्या पोराला प्रश्नातले आकडे बदलून दिले की काय होतं, ते लातुरात राहून तुला मी सांगायची गरज नाही.

आणि विसरण्याची लाज धरू नकोस. हा सोलो ज्यानं रचला तोही विसरला होता. डॉन फेल्डर या ईगल्सच्या गिटारवाल्यानं ही चाल आणि तिच्यावरचे गिटारचे तुकडे मालिबूच्या घरी बसून एका कॅसेटवर भरून ठेवले होते. पुढे १९७६ मध्ये मायामीच्या स्टुडिओत शेवटचा सोलो घ्यायची वेळ आली तेव्हा तो आणि बँडचा दुसरा गिटारवाला जो वॉल्श नवीनच काहीतरी वाजवायला लागले. हे गाणं गाणाऱ्या डॉन हेन्लीनं थांबवलं: असं नाही, कॅसेटवर आहे तसंच हवं. फेल्डरला ते आठवेना. शेवटी त्यानं घरी फोन लावला, काम करणाऱ्या बाईंना ती कॅसेट शोधायला लावली, टेपरेकॉर्डरसमोर रिसीव्हर धरायला सांगितला आणि फोनवरून येणारा तो आवाज टेप करून स्वतःचाच सोलो पुन्हा कानानं बसवला. तुझ्या मोबाइलवरचा आवाज त्या फोनपेक्षा शंभरपट बरा आहे.

आता कामाला लाग. पहिला आठवडा गिटार पिशवीतून काढायचीच नाही. मी हे सांगितलं की निम्मी पोरं नाराज होतात आणि उरलेली गुपचूप काढतात. काढू नकोस. गाणं साडेसहा मिनिटांचं आहे, त्यातली शेवटची दोन मिनिटं आणि थोडं वर एवढाच आपला भाग. तो सकाळी चालताना ऐक, मेसच्या रांगेत ऐक, आणि ऐकता ऐकता गुणगुणायला लाग. शब्द नाहीत, मग ‘ना ना’ म्हण, ‘आ’ म्हण, काहीही म्हण. गळा वाईट असला तरी चालतो, माझा तर भयंकर आहे. पण जो तुकडा गुणगुणता येत नाही तो तुला ऐकूच आलेला नाही, असं धरून चाल. ऐकल्यासारखा वाटतो, त्यानं फसू नकोस. मोबाइल बंद करून संपूर्ण पहिली फेरी गुणगुणता आली की गिटारला हात लाव.

फेरी म्हणालो, ती समजून घे. सोलोखाली आठ कॉर्ड फिरत राहतात: बी मायनर, एफ शार्प सेव्हन, ए, ई, जी, डी, ई मायनर आणि पुन्हा एफ शार्प सेव्हन. प्रत्येकाला चार मात्रा, म्हणजे एकूण बत्तीस. तुमच्या भजनी ठेक्याची आठ मात्रांची चार आवर्तनं झाली की एक फेरी पूर्ण. लय मिनिटाला साधारण ७४-७५ मात्रांची, म्हणून एका फेरीला सुमारे २६ सेकंद लागतात. पहिली फेरी फेल्डरची, दुसरी वॉल्शची, तिसरीत दोघं आळीपाळीनं, जसं एकानं अभंगाचा चरण म्हणावा आणि दुसऱ्यानं उचलावा. चौथीपासून दोघं एकत्र, ते आवाज विरेपर्यंत. दोन मिनिटांचा डोंगर म्हणून बघितलास की दम लागतो. २६ सेकंदांच्या पाच फेऱ्या म्हटलं की जीव भांड्यात पडतो.

दुसरं काम सा शोधायचं. बाबांना विचार, ते पेटीवर दोन मिनिटांत काढून देतील. गाणं बी मायनरमध्ये आहे, आणि बी म्हणजे पांढरी सात, पेटीच्या सप्तकातली सातवी पांढरी पट्टी. आणि ही पट्टीसुद्धा गाणाऱ्याच्या गळ्यावरून ठरलेली आहे, आपल्याकडे ठरते तशीच. फेल्डरची मूळ चाल ई मायनरमध्ये होती, ती हेन्लीला उंच पडली म्हणून बी मायनरला आणली. गाण्याच्या सुरुवातीची अकूस्टिक गिटार सातव्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा एकदम दाबणारा चिमटा) लावून ई मायनरच्याच आकारात वाजते ती त्यामुळं. बऱ्याच पोरांचा घोळ इथंच होतो: कॅपोवाली कॉर्डशीट बघून ‘सर, हे ई मायनरमध्ये आहे’ म्हणत येतात आणि सोलो कुठंच बसत नाही.

सा शोधताना मोबाइलच्या स्पीकरवर विसंबू नकोस. बास गिटारवरचा खालचा बी जवळपास ६२ हर्ट्झचा असतो. तो एवढ्याशा स्पीकरमधून येतच नाही, त्याच्यासोबत आपोआप वाजणारे वरचे बारीक सूर, म्हणजे उपस्वर, तेवढे येतात. दीडशे रुपयांचे वायरचे इअरफोन घे. बास ऐकू आला की आठ कॉर्डचे आठ पाये, म्हणजे प्रत्येक कॉर्डचा मूळ सूर, आपोआप कळतात, आणि मग सोलो हवेत लोंबकळत नाही.

या पायांवर मी पोरांना सगळ्यात जास्त वेळ थांबवतो. कारण नुसता सोलो ऐकून सूर शोधणं म्हणजे अंधारात चावी शोधणं, आणि खालची कॉर्ड माहीत असली की दिवा लागतो. पांढरी सात सा धर आणि हिशोब कर. सोलोचा मोठा भाग सा, कोमल ग, म, प, कोमल नी या पाच सुरांवर उभा आहे. गिटारवाले याला मायनर पेंटाटोनिक म्हणतात, तुझे बाबा धानी रागाचे सूर म्हणतील. त्यात रे आणि कोमल ध मिसळले की आसावरी थाट झाला. इथवर सरळ आहे. पण दुसरी कॉर्ड, एफ शार्प सेव्हन, तिच्या पोटात ए शार्प आहे, म्हणजे शुद्ध नी. तो वाजला की चेहरा कीरवाणी रागाचा होतो. चौथी कॉर्ड ई, तिच्यात जी शार्प, म्हणजे शुद्ध ध. क्षणभर काफी राग डोकावून जातो. लगेच पुढच्या जी कॉर्डला ध परत कोमल. एका फेरीत इतके रंग बदलतात, आणि हे सगळं तुझ्या कानाला आधीच ओळखीचं आहे, फक्त नावं वेगळी होती. टॅबवाल्या पोरांची चूक नेमकी इथं सापडते. त्यांनी पेंटाटोनिकची चौकट पाठ केलेली असते, त्यामुळं कान शुद्ध नी सांगत असला तरी बोट कोमल नीवर पडतं, आणि दुसऱ्या कॉर्डला आंबट लागतं. कुठं आंबट लागतंय तेही त्यांना कळत नाही, नुसतं ‘ओरिजिनलसारखं वाटत नाही सर’ म्हणतात.

म्हणून एक दिवस फक्त कॉर्ड वाजव, रेकॉर्डिंगबरोबर, आणि वरून सोलो गुणगुण. हात खाली, गळा वर. हे जमलं की निम्मं काम झालं असं मी समजतो.

मग तुकडे पाड. चार-चार सेकंदांचे, जिथं गिटार श्वास घेते तिथं तोडून. आणि प्रत्येक तुकड्याचा आधी शेवटचा सूर शोध, पहिला नाही. का, तर तुकडा जिथं विसावतो तो सूर बहुधा खालच्या कॉर्डमधलाच असतो. म्हणजे सतराशे साठ शक्यता नाहीत, तीन-चारच. बी मायनरवर थांबला असेल तर सा, कोमल ग नाहीतर प. एक-एक लावून बघ, बरोबरचा सूर चिकटतो. शेवट सापडला की सुरुवात शोध, मग मधलं भरायचं. मधले काही सूर नुसते कणासारखे, ओझरते लागलेले असतात, ते पहिल्या खेपेला सुटले तरी चालतील. कोऱ्या कागदावर सरगम लिहून ठेव, आकडे नको. ‘प म ग सा’ लिहिलेलं वाचलं की गळा गातो, फ्रेटचा आकडा वाचून फक्त बोट हलतं.

वेग कमी करायची सोय आता बऱ्याच प्लेअरमध्ये आहे. पट्टी न बदलता गती खाली येते. पण आधी ०.७५ वर ऐक, एकदम अर्ध्यावर जाऊ नकोस. अर्ध्या गतीला आवाज पाण्यात बुडाल्यासारखा होतो आणि तारेवरचा आघात नेमका कुठं झाला ते कळेनासं होतं. कॉम्प्युटर असेल तर ऑडॅसिटी फुकट मिळतं. त्यात चार सेकंदांचा तुकडा निवडून पुन्हा पुन्हा फिरवत ठेवता येतो.

आम्हाला ही चैन नव्हती. माझी कॅसेट लातूरच्या गंजगोलाई बाजारातल्या एका दुकानातून भरून घेतलेली, कितव्या तरी कॉपीची कॉपी. लोडशेडिंगचे दिवस होते, त्यामुळं टू-इन-वन (रेडिओ आणि टेप एकत्र) सेलवर चालायचा. सेल उतरत आले की टेप हळू फिरायची, आणि टेप हळू फिरली की सूरही उतरतो. वेग साडेपाच-सहा टक्के कमी झाला की अर्धा स्वर पट्टी खाली, पांढऱ्या सातची काळी पाच. मला काय कळतंय! मी गिटारच त्या कॅसेटला जुळवून घेतली आणि दोन महिने घासून सोलो बसवला. गॅदरिंगला स्टेजवर उभा राहिलो, कीबोर्डवाल्यानं बी मायनर धरला आणि मी डोळे मिटून, मान मागं टाकून, पहिला सूर लावला. पुढच्या दहा सेकंदांचं वर्णन करत नाही. मागून एक जण ओरडला, ‘काय वाजवायलास बे?’ तेव्हापासून काहीही बसवायच्या आधी ट्यूनर लावून गिटार जुळवतो आणि मग रेकॉर्डिंगशी ताडून बघतो. काही जुनी रेकॉर्डिंगं खरोखरच थोडी वर-खाली असतात, तेही यात कळून येतं.

आता बेंड, म्हणजे तार ओढणं. रॉक सोलोचा जीव इथं आहे, आणि टॅबमधून हाच सगळ्यात कमी पोचतो. कागदावर एक बाण आणि ‘फुल’ असा शब्द. पण तार कुठून सुटली, किती वेळात वर पोचली, वर थांबली का, उतरताना आवाज होता की मुका, हे बाणात मावत नाही. सतारीवर मींड घेतात तीच ही गोष्ट. पद्धतही तीच, पडद्यावर तार बाजूला ओढायची. म्हणून बेंडचा सराव मी पोचायच्या सुरापासून सुरू करतो. तिसऱ्या तारेच्या अकराव्या फ्रेटवर तुझा पंचम आहे. तो वाजव, गळ्यात धर. मग नवव्यावर म वाजवून तार ढकल आणि गळ्यातल्या पंचमाला नेऊन भिडव. कमी पडला तर ऐकू येतं, जास्त झाला तरी ऐकू येतं. एकट्या बोटानं ढकलू नकोस, मागं आणखी दोन बोटं लाव आणि मनगट फिरव. रोज पन्नास वेळा. हॉस्टेलच्या खोलीतले लोक कंटाळतील, त्यांना चहा पाज.

काही ठिकाणी तुला सूर वरून खाली उतरताना ऐकू येईल, पण वर जाताना ऐकू येणार नाही. तिथं तार आधी गुपचूप ओढून ठेवलेली असते, मग छेडतात आणि सोडतात. एकदा हे ध्यानात आलं की पुढं प्रत्येक सोलोत ते सापडत जातं. आणि ओढलेल्या सुरावर जे हलकं आंदोलन असतं ते मोज. फेल्डरचं आणि वॉल्शचं सारखं नाही. फेल्डरची लेस पॉल गिटार, आवाज जाड आणि गोल. वॉल्शची टेलिकास्टर, आवाज जरा टोकदार. कोण कधी वाजवतंय हे ओळखता यायला लागलं की समज, तुझा कान तयार झाला.

तुझ्याकडे जाड तारांची अकूस्टिक असेल तर मात्र पूर्ण स्वराचं बेंड निघणार नाही. बोट कापेल, तार तुटेल, सूर अर्ध्यावरच राहील. तिथं सरळ घसीट घे, नवव्यावरून अकराव्यावर सरकत जा. सूर बरोबर असला पाहिजे, तो कसा गाठला हे नंतर बघू. इलेक्ट्रिक असेल तर पातळ तारांचा, दहा नंबरचा सेट लाव.

वेगाच्या जागा ऐकून पोरं घाबरतात. जरा गणित मांड: मिनिटाला ७५ मात्रा आणि एका मात्रेत चार सूर, म्हणजे सेकंदाला पाच. तबल्यावरची ही साधी चौगुन आहे. आधी सूर विसर आणि नुसता ठोका तोंडानं म्हण, टाळी देत. चार-चार पडतायत का? मग ‘तिरकिट तिरकिट’. तीन-तीन पडतायत? मग ‘तकिट तकिट’. मात्रेत किती सूर आहेत हे नक्की झालं की ते भरायला किती जागा आहे तेही ठरलं. सूर चुकला तर एक सूर चुकतो; ठोका चुकला तर त्या जागेपासून पुढचं सगळं सरकतं.

बारीकसारीक दोन गोष्टी. एक, मुद्दाम फाटका केलेल्या (डिस्टॉर्शनच्या) आवाजाच्या गिटारमध्ये उपस्वर इतके जोरदार असतात की सप्तक चुकायला होतं. सूर बरोबर वाटतोय पण चव येत नाही, असं झालं की वरच्या किंवा खालच्या सप्तकात वाजवून बघ. दुसरं, तोच सूर गिटारवर तीन-चार ठिकाणी मिळतो. पहिल्या तारेच्या सातव्या फ्रेटवरचा सा दुसरीच्या बाराव्यावर आणि तिसरीच्या सोळाव्यावरही आहे. मूळ वाजवणाऱ्यानं कुठं वाजवला हे शोधत रात्र घालवू नकोस. पुढचा तुकडा जिथून हाताला सहज येतो ती जागा घे. त्या तुकड्यात बेंड असेल तर बहुतेक दुसरी नाहीतर तिसरी तार, कारण रॉकवाल्यांची ओढाताण तिथंच जास्त चालते.

गाण्यातून गिटार वेगळी काढून देणारी ॲप आता आली आहेत, वापर. फक्त ती कधीकधी कीबोर्डचा किंवा दुसऱ्या गिटारचा सूर यात मिसळून देतात, म्हणून त्यांना साक्षीदार समज, न्यायाधीश नको. टॅबचंही तसंच. फेरी पूर्ण बसली की मग उघड आणि ताडून बघ. जिथं तुझं आणि टॅबचं जुळत नाही तिथं रेकॉर्डिंग पुन्हा ऐक. दहातल्या तीन-चार वेळा तूच बरोबर निघशील, आणि त्या दिवशी तू मेसमध्ये दोन पोळ्या जास्त खाशील.

किती दिवस लागतील? पहिल्या फेरीला तीन आठवडे धर. त्रास होईल, चिडशील. दुसरीला निम्मे. तिसरीतले बरेच तुकडे पहिल्या दोन्हींचे भाऊबंद वाटतील. मध्येच फार अडकलास तर एक-दोन दिवस सोलो सोडून दे आणि बाबांच्या मंडळातला ‘जय जय राम कृष्ण हरी’चा गजर एका तारेवर काढून बघ. एकाच तारेवर, म्हणजे चौकटी आठवत नाहीत आणि सुरामागं जावंच लागतं. हे मी अजूनही करतो.

शेवटच्या दोन फेऱ्या वेगळ्या आहेत. तिथं दोन्ही गिटार एकत्र चालतात, आणि त्या काय वाजवतायत? खालच्या कॉर्डचेच सूर, एकामागोमाग एक सुटे केलेले. बी मायनर आली की सा, कोमल ग, प यांची उतरंड. एफ शार्प आली की प, रे आणि तोच शुद्ध नी. एक गिटार कॉर्डमधल्या एका सुरावरून निघते, दुसरी त्याच कॉर्डमधल्या शेजारच्या सुरावरून, आणि दोघी हातात हात घालून उतरतात. कानाला आधी वरची ऐकू येते. ती बसव. खालची तुला हिशोबानंच सापडेल, कारण आठही कॉर्ड तुझ्या हातात असतील.

पण एका गिटारवर ते दोन्ही एकट्यानं वाजवायच्या नादी लागू नकोस, मजा जाते. सुट्टीला अंबाजोगाईला जाशील तेव्हा खालच्या ओळीची सरगम कागदावर लिहून ने आणि बाबांसमोर ठेव. सांग, पांढरी सात, भजनी ठेक्याची लय, दर चार मात्रांना कॉर्ड बदलते. ते आधी म्हणतील हे काय इंग्रजी घेऊन आलास. मग चष्मा लावून भाता उघडतील आणि दुसऱ्या कॉर्डला शुद्ध नी आला की तुझ्याकडे बघतील.